पाऊस लागला की आमचं घरच बदलून जातं, तुमच्याकडे पण होतं का असं?

ज्वारीची_भाकर:

नमस्कार. इथं बरेच दिवस नुसती वाचत असते, लिहितेय आज पहिल्यांदा. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी मूळची सोलापूरची, सासरही सोलापूरच. गेल्या नोव्हेंबरात नवऱ्याची बदली देवरुखला झाली आणि आम्ही सगळे इकडं आलो, म्हणजे आम्ही दोघं, मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीनचा आणि सासूबाई. भाड्याचं घर चिऱ्याचं, वर कौलं, पुढं पडवी, मागं आंबा-फणस. थंडीत आणि मे महिन्यात इतकं छान गेलं की मी माहेरी फोन करून सगळ्यांना या या म्हणत होते. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तो लागलाच. म्हणजे थांबतो पण दहा मिनिटं, तेवढ्यात मी बादली घेऊन बाहेर जाते, दोन चादरी दोरीवर टाकते आणि तो परत येतो.

आता जे लिहितेय ते लिहायला पण कसंतरी वाटतंय. आमच्याकडं पाऊस म्हणजे देव. मृग लागला की माझे वडील रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन आभाळ बघायचे, पहिला पाऊस झाला की आई अंगणातल्या पाण्याला हळदकुंकू वाहायची, घरी टँकर आला की आम्ही पोरं हंडे घेऊन पळायचो. अशा घरातली मी आणि आता सकाळी डोळे उघडल्यावर कौलांवरचा तो आवाज ऐकला की रडू येतं. पावसाला नावं ठेवतेय म्हणजे काहीतरी पाप करतेय असं वाटतं, म्हणून कुणाशी बोलले नाही.

घरात काय चाललंय ते सांगते. सकाळी मला उठवत नाही. दहा-दहा तास झोपूनही अंग जड. सतत काहीतरी तळलेलं नाहीतर गोड खावंसं वाटतं. दुपारी दोनला लाइट लावून स्वयंपाक करायचा, त्यात लाइट जाते ती दोन-दोन दिवस येत नाही. कपडे वाळत नाहीत, युनिफॉर्मला कुबट वास, नवऱ्याच्या चामडी चपलेला आणि पट्ट्याला पांढरी बुरशी, मीठ पाणी सुटून बसलेलं, पापड सादळलेले. परवा मुलीच्या ओल्या मोज्यांवरून आमचं इतकं भांडण झालं की मी ताट तसंच ठेवून उठले. मोज्यांवरून! नवरा म्हणतो पाऊस सगळ्यांनाच लागतो, तुलाच कसा त्रास होतो. तो सकाळी नऊला बँकेत जातो ते संध्याकाळी सातला येतो, तिथं पंखे, ट्यूबलाइट, चार माणसं. मी घरात.

सासूबाईंचं तर वेगळंच. सोलापूरला रोज संध्याकाळी सिद्धेश्वराच्या देवळात जायच्या, तळ्याकाठी मैत्रिणींबरोबर बसायच्या, येताना भाजी आणायच्या. इथं पायऱ्यांवर शेवाळ, घसरायची भीती, त्यामुळं महिनाभर घराबाहेर पाऊल नाही. खिडकीपाशी बसून राहतात, गुडघे दुखतात म्हणतात, दिवसातून चारदा विचारतात "परत कधी जायचं आपण?" आणि मला तो प्रश्न ऐकला की चीड येते, कारण तोच प्रश्न माझ्या पण मनात असतो.

शेवटी काय झालं की मुलगी फोनवर माझ्या आईला सांगत होती, "आमची आई ऊन असलं की नाही रागवत." ते ऐकलं आणि मग इथं लिहायचं ठरवलं.

प्रश्न एवढाच की हे खरंच हवेमुळं होतं का आमच्यातच काही बिघडलंय? आणि जे कायम अशा हवेत राहतात ते काय करतात? अजून अडीच महिने जायचेत.

पडवीतली_काकू:

अगं पोरी, आधी ते पाप-बिप डोक्यातून काढ. मी लांज्याची, वय ६९, जन्म इथलाच, लग्न इथलंच, आणि आषाढ संपत आला की माझाही जीव विटतो. आमच्या सासूबाई म्हणायच्या, पावसाला नावं ठेवायचा हक्क ज्याच्या कौलातून गळतं त्याला आहे.

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसणार. हा पाऊस सहन करायची तयारी मे महिन्यात असते, जुलैत नाही. आमच्याकडे आगोट म्हणतात. लाकडं पडवीत भरायची, गोवऱ्या, सुकी मासळी, कुळीथ, सांडगी मिरची, फणसाच्या आठळ्या (बिया) मातीत घालून ठेवायच्या, कौलं शाकारून घ्यायची, पश्चिमेकडच्या पडवीला माडाची झापं बांधायची. ही कामं अख्खं घर मिळून करायचं, त्यामुळे पाऊस आला की "चला, आता बसा" अशी भावना असायची. तुम्ही मे महिना आंबे खाण्यात घालवलात (बरोबरच केलंत, पहिलं वर्ष होतं) आणि पाऊस अंगावर आला. पुढच्या वर्षी असं होणार नाही बघ.

दुसरं, आमच्याही घरात पूर्वी एवढी भांडणं नव्हती आणि ती का वाढली यावर मी पुष्कळ विचार केलाय. चूल गेली आणि घरातला कोरडा कोपरा गेला. चुलीच्या वर दांडी असायची, तिच्यावर कपडे टाकायचे, धुराचा वास यायचा पण कोरडे व्हायचे. तान्ह्या मुलाची दुपटी-लंगोट तर टोपलीवर वाळत घालायचो, खाली निखाऱ्याची आगटी, त्यात थोडा ओवा. आणि थंडी वाजली की सगळे तिथेच येऊन बसायचे, म्हणजे बोलणंही तिथेच. गॅस आला, सोय झाली, मला चूल परत नकोय, डोळ्यांचं काय होतं ते मी भोगलंय. पण कोरडा कोपरा मात्र करावा लागतो. तू असं कर:

झोपायच्या खोलीत कपडे वाळत घालू नकोस, रात्रभर ती ओल छातीत जाते. एक खोली नाहीतर पडवीचा एक कोपरा ठरव, तिथे दोऱ्या बांध, पंखा लाव आणि खिडकी किलकिली ठेव, नाहीतर पंखा ओली हवाच फिरवत राहील. पाऊस इथे पश्चिमेकडून नि नैर्ऋत्येकडून मारतो, त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्या बंद आणि पूर्वेच्या उघड्या. नवीन माणसं सगळंच बंद करून बसतात आणि मग भिंतींना बुरशी.

जीन्स, जाड टॉवेल, सोलापुरी चादरी (राग मानू नको, माझ्याकडेही आहेत, फार चांगल्या) दसऱ्यापर्यंत ट्रंकेत. अंग पुसायला पंचा. मोजे सहा जोड घे, एवढ्यात तुझं निम्मं भांडण संपेल. कपाटात कडुनिंबाचा पाला आणि कापूर, चपला पावसाळी घे, चामड्याच्या कागदात गुंडाळून माळ्यावर टाक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वयंपाकघराच्या वर काचेचं कौल आहे का बघ. जुन्या घरांत असतं, बहुतेकदा शेवाळ आणि पाला साचून काळं झालेलं असतं. नसेल तर मालकाला सांगून दोन बसवून घे. दुपारी लाइट लावायची वेळ येते म्हणालीस ना, त्याला हाच उपाय आहे.

सासूबाईंबद्दल सावकाश लिहिते, आता वाडीतून हाक आली.

बांधावरचा:

ताई, मी औसा तालुक्यातला, लातूर जिल्हा. तुमचा प्रश्न वाचून आधी वाईट वाटलं मग वाटलं आपणही लिहावं, कारण आमच्याकडं हे सगळं उलटं आहे पण घरात जे होतं ते तेच.

आमच्या घराचा मूड म्हणजे वडिलांचा मूड आणि वडिलांचा मूड म्हणजे आभाळ. जून निम्मा गेला आणि पाऊस नसला की घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. वडील पहाटे चारला उठून अंगणात उभे राहतात, आई आतून बघत असते पण विचारत नाही. लहानपणी आम्हा भावंडांना न सांगता कळायचं की आता वह्या मागायच्या नाहीत, सहलीचं बोलायचं नाही, शाळेची फी म्हणलं की ते ओरडायचे आणि रात्री पांघरूण घालायला यायचे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, पण त्या उन्हाळ्यात घराघरांत पाण्यावरून सासू-सुना, भाऊ-भाऊ किती तुटले ते कुणी दाखवलं नाही. आमच्या चुलत्याचं आणि वडिलांचं बोरच्या पाळीवरून जे बोलणं बंद झालं ते पाच वर्षं.

दुबार पेरणी झाली त्या वर्षीचं सांगतो. सोयाबीन पेरायच्या आधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, पण शेजारच्या शिवारात तिफण चालू झाली की माणसाला दम निघत नाही. वडिलांनी एका पावसावर पेरलं, मग वीस दिवस उघडीप, सगळं करपलं. त्या वीस दिवसांत ते जेवायला बसायचे आणि अर्ध्यावर उठायचे, आईवर मीठ जास्त झालं म्हणून चिडायचे, खरं म्हणजे मीठ नेहमीएवढंच. आपलं मोज्यांचं भांडण वाचलं आणि मला ते मीठ आठवलं.

नंतर आम्ही घरात दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे दुसऱ्या पेरणीच्या बियाण्याचे पैसे मे महिन्यातच आईच्या नावावर बाजूला टाकतो, त्याला हात लावायचा नाही. आणि आईनं ठरवून टाकलं की जेवताना पावसाचा विषय नाही. पहिल्यांदा वडील गप्प बसायचे, मग नातवाशी बोलायला लागले. पाऊस काही वाढला नाही पण जेवण पूर्ण व्हायला लागलं.

पाऊस पडतो त्या दिवशी मात्र आमच्याकडं बघायला या. वडील भिजत घरी येतात आणि आईला म्हणतात "भजी कर की". वर्षातून ते एकदाच स्वतःच्या तोंडानं काही मागतात.

तुम्हाला पावसाचा कंटाळा आला म्हणून आम्हाला राग नाही ताई. जिथं जे जास्त होतं तिथं त्याचाच त्रास.

उत्तरेची_वाट:

मी स्टॉकहोमला राहते, अकरा वर्षं झाली, मूळ गाव सातारा. ज्वारीची_भाकर, तुम्ही जे लिहिलंय ना, जास्त झोप, अंग जड, गोड-तळलेलं खावंसं वाटणं, ते वाचून मी अक्षरशः खुर्चीत सरळ बसले, कारण माझा तिसरा नोव्हेंबर असाच गेला होता.

इथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनला मावळतो. तोही ढगांआड. मी ऑफिसला अंधारात जायची, अंधारात यायची. सगळ्यांना वाटतं थंडीचा त्रास होतो, थंडीचं काही नाही हो, कपडे घातले की झालं, त्रास अंधाराचा. बर्फ पडला की उलट बरं वाटतं कारण सगळं उजळतं, नोव्हेंबर सगळ्यात वाईट कारण बर्फ पण नाही आणि ऊन पण नाही. मी नवऱ्याशी महिनाभर धड बोलले नव्हते, आम्ही दोघंही समजत होतो की आपलं लग्न चुकलं. मग डॉक्टरांनी सांगितलं की याला नाव आहे, ऋतूनुसार येणारं नैराश्य, १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पहिल्यांदा नीट मांडलं. सकाळी डोळ्यांत पुरेसा उजेड गेला नाही की शरीराचं घड्याळ सरकतं, झोप, भूक, मन सगळं त्याच्याबरोबर सरकतं. तुम्हाला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर सांगतील, पण उजेडाचा हिशेब मात्र सगळ्यांना लागू आहे म्हणून लिहिते.

उजेड लक्समध्ये मोजतात. घरातल्या नेहमीच्या दिव्याखाली शे-दोनशे, फार तर तीनशे लक्स. आणि बाहेर, भरून आलेल्या आभाळाखाली सुद्धा, हजाराच्या वर, कितीतरी वेळा काही हजार. आपल्याला डोळ्यांनी तो फरक एवढा कळत नाही कारण बुबुळ जुळवून घेतं. इथे उपचाराला दहा हजार लक्सचा दिवा देतात, सकाळी अर्धा तास समोर ठेवून बसायचं, थेट बघायचं नाही. मी अजून वापरते. (डोळ्यांचा आजार असेल किंवा मूड टोकाचा वरखाली होत असेल तर विचारल्याशिवाय वापरू नये.) तुमच्याकडे दिवा नको, लाइट तरी कुठे असते, पण सकाळी सात-आठच्या दरम्यान अर्धा तास पडवीच्या अगदी कडेला बसा, नाहीतर छत्री घेऊन बाहेर पडा. घरातल्या सगळ्यात उजेडाच्या जागी सकाळचा चहा, एवढंच करून बघा दोन आठवडे.

आणि मुलाला बाहेर सोडा. इथल्या बालवाडीत मुलं धो-धो पावसात पण खेळायला बाहेर असतात, रबरी विजार, जाकीट, गमबूट. इथे म्हणच आहे की हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात. मला आधी राग यायचा, माझं पोर आजारी पडेल म्हणून मी भांडायला गेले होते. आता माझा मुलगा चार वर्षांचा आहे आणि डबकं दिसलं की त्यात बसतोच. घरी आल्यावर भूक चांगली आणि रात्री आठला झोप. घरात कोंडलेलं मूल आणि घरात कोंडलेली आई, यात भांडण नाही झालं तरच नवल.

उन्हाळ्यात आमची दुसरी तऱ्हा, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड आणि पहाटे साडेतीनला परत सूर्य, मुलं म्हणतात अजून दिवस आहे झोपायचं का. खिडक्यांना काळे पडदे लावून रात्र करावी लागते. पण ते परवडलं.

संत्रानगरी:

अंधारच वाईट असं नाही बरं का. आमच्या नागपुरात मे महिन्यात ऊन एवढं की विचारू नका बाप्पा, पारा ४५-४६ वर आणि नवतपा लागला की रस्ते दुपारी ओस. आणि त्याच नऊ-दहा दिवसांत आमच्या घरी सगळ्यात जास्त कटकट. कूलरसमोर कोण झोपणार, टाकीत पाणी कोण भरणार, कूलरच्या आवाजात टीव्ही ऐकू येत नाही म्हणून बाबा आवाज वाढवणार, मग आईचं डोकं दुखणार. रात्री दोनपर्यंत भिंती गरम, झोप होतच नाही कोणाची, न झोपलेली पाच माणसं सकाळी एका नळावर. माझ्या बायकोचं म्हणणं असं की मे महिन्यात घेतलेला कोणताच निर्णय धरायचा नाही. मागच्या वर्षी मी नोकरी सोडायचं मे महिन्यात ठरवलं होतं, तिनं म्हटलं मृगापर्यंत थांबा. थांबलो. अजून तिथंच आहे आणि बरं चाललंय.

रोखठोक:

स्पष्टच लिहितो, राग येऊ देऊ नये. आमच्या आजीनं याच कोकणात सात मुलं वाढवली, तिला ना लक्स माहीत होते ना नैराश्य. काम असलं की मन भरकटत नाही. आपण मनाचे फार लाड करतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

पडवीतली_काकू:

रोखठोक, तुमच्या आजीच्या वयाच्या बायका मी पाहिल्यात. श्रावणात घुमणाऱ्या, आषाढात अंथरूण धरणाऱ्या, विहिरीकडे एकटीला पाठवायचं नाही असं ज्यांच्याबद्दल घरात दबक्या आवाजात बोललं जायचं त्या. माहीत सगळ्यांना होतं, नाव नव्हतं इतकंच. आणि आजी एकटी नव्हती. घरात चार जावा, शेतात लावणीला वीस माणसं, गाणी म्हणत चिखलात. ही पोर दिवसभर दोन मुलांना घेऊन भिंतीकडे बघत बसते, तिचं आणि आजीचं कसं जुळवता?

आता सासूबाईंचं. त्यांना हवा लागली नाहीये, त्यांची माणसं सुटलीत. सोलापूरचं देऊळ म्हणजे देव कमी आणि मैत्रिणी जास्त, खरं की नाही? देवरुखात आषाढीपासून चातुर्मासाची पोथी, भजनं कुठे ना कुठे चालू असतातच, शेजारी विचार. रिक्षा सांग, दारापासून दारापर्यंत. पायऱ्यांवरचं शेवाळ खराट्यानं आणि ब्लीचिंग पावडरनं दर आठ दिवसांनी घासून घ्यायचं, शिवाय वर जुनं गोणपाट टाकून ठेव, पाय सरकत नाही. आणि त्यांच्या हाताला काम दे. आठळ्या सोलायला दे, कुळीथ निवडायला दे, वाती वळायला दे. दया म्हणून नको हं, खरंच लागणारं काम दे, म्हाताऱ्या माणसाला फरक लगेच कळतो, मी सांगते ना.

तुमच्याकडे आखाड तळतात ना गं? माझी एक जाऊ बार्शीची होती, ती दर आषाढात कापण्या करायची, सगळ्या वाडीला वाटायची.

मनवैद्य:

मी मानसोपचार क्षेत्रात काम करते, थोडक्यात लिहिते. हवेचा मनावर परिणाम होतो, ते लाड नाहीत. काळोखाच्या दिवसांत जशी जास्त झोप आणि जास्त भूक दिसते तसं कडक उन्हाळ्यात काहींना उलट, म्हणजे झोप उडणं, भूक मरणं, चिडचिड वाढणं असं दिसतं, नागपूरचं वर्णन त्याच्या जवळचं आहे.

पण एक लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटत असेल, जे आधी आवडायचं त्यात काही वाटेनासं झालं असेल, मुलांचं करणं जमत नसेल किंवा जगू नये असं मनात येत असेल, तर पाऊस संपायची वाट बघायची नाही. डॉक्टरांना भेटायचं. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२, ड जीवनसत्त्व तपासून घ्या, बायकांमध्ये या गोष्टी फार वेळा निघतात आणि दोष सगळा पावसावर जातो. बाहेर पडता येत नसेल तर सरकारची टेलि मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

गुडघ्यांबद्दल, पावसाळी हवेनं दुखणं वाढतं का यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण हालचाल बंद झाली की सांधे आखडतात हे नक्की. सासूबाईंना पडवीतल्या पडवीत सकाळ-संध्याकाळ वीस-वीस फेऱ्या मारायला लावा.

आणि नवऱ्याला हा धागा वाचायला द्या.

ज्वारीची_भाकर:

सगळ्यांना काय लिहू तेच कळत नाहीये. पाच दिवसांनी येतेय कारण मधे तीन दिवस लाइट नव्हती आणि फोन बंद.

धागा नवऱ्याला दिला. त्यानं पूर्ण वाचला, काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी येताना मोज्यांचे सहा जोड घेऊन आला. मग रात्री आम्ही बसून बोललो, बऱ्याच दिवसांनी. तो म्हणाला मला वाटायचं तुला मी इकडं आणलं म्हणून तू माझ्यावर रागावली आहेस. मला वाटत होतं त्याला माझं काही दिसतच नाही. बांधावरचा दादा, तुमच्या वडिलांच्या मिठाबद्दल त्यानं दोनदा वाचलं.

काकू, काचेचं कौल होतं! नवऱ्यानं मालकांच्या माणसाला बोलावून साफ करून घेतलं, खरंच एवढा काळा थर होता की ते कौल आहे हे आम्हाला आठ महिने कळलंच नव्हतं. आता दुपारी बारा ते तीन लाइट लागत नाही. ओट्यावर उजेडाचा एक चौकोन पडतो, मुलगा त्यात गाड्या घेऊन बसतो. दोऱ्या मागच्या पडवीत बांधल्या, झोपायच्या खोलीतून सगळे कपडे हलवले, तिथला वास गेला. स्टॉकहोमच्या ताई, सकाळचा चहा पडवीच्या टोकाला घेतेय, तीनच दिवस झालेत, फरक पडला असं म्हणणार नाही, पण उठायला एक कारण झालं. मुलाला गमबूट घेतले, तो ते घालून झोपायचं म्हणतोय. रक्ताच्या तपासणीला शनिवारी जातेय, मनवैद्य, तुम्ही लिहिलेल्या यादीतल्या दोन गोष्टी मला लागू होत्या, ते वाचून जरा घाबरले पण जाणार आहे.

सासूबाईंना पोथीला नेलं. पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसल्या, बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एका आजींनी विचारलं, तुमच्याकडे शेंगाचटणी कशी करतात? झालं, येताना रिक्षात मला सांगत होत्या की इथल्या बायका चटणीला दाणे मिक्सरला फिरवतात, उखळात कुटत नाहीत, मी दाखवणार आहे त्यांना. पायऱ्यांवर गोणपाट टाकलंय.

आणि काकू, तुम्ही कापण्यांचं लिहिलंत ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्या उठल्याच. आषाढाचे अजून आठ दिवस आहेत म्हणाल्या, उद्याच तळू. गुळाच्या पाण्यात कणीक, थोडं बेसन, तुपाचं मोहन, वरून खसखस, सगळं त्या स्वतः मळणार आहेत, पोथीच्या बायकांना पण द्यायच्या आहेत. फक्त त्यांना एकच काळजी लागलीय. सोलापूरला कापण्या महिनाभर कुरकुरीत राहतात, इथं दुसऱ्या दिवशी सादळतील. काय करायचं?

पडवीतली_काकू:

मंद आचेवर तळ, घाई नको, आत ओल राहिली तर बाहेरून काहीही कर उपयोग नाही. तळल्यावर कागदावर पसरून पूर्ण गार होऊ दे पण उघड्यावर तासभराच्या वर ठेवू नको, इथली हवा लगेच पिते. स्टीलचे डबे आधी धुऊन पुसून मंद गॅसवर तव्यावर पाच मिनिटं तापवून घे, गार झाले की भर. एक मोठा डबा करू नको, चार छोटे कर, काठोकाठ भरलेले, एक संपला की दुसरा उघडायचा. तरी सादळल्या तर जाड बुडाच्या कढईत अगदी बारीक आचेवर परतायच्या, परत कुरकुरीत होतात.

आणि एक डबा लांज्याला पाठव. एसटी येते की देवरुखहून.